नाशिकहून आणलेल्या चार एल आणि जळगावचं ऊन: चवीतला दोष ब्रुअरीचा की आमचा?

गिरणाकाठ (जळगाव)

राम राम मंडळी. नाशिकच्या बाजूच्या एका छोट्या ब्रुअरीच्या चार एल (एल म्हणजे बियरचाच एक प्रकार) आणल्या. नाव मुद्दाम देत नाही, कारण दोष कुणाचा हेच अजून ठरलेलं नाही. सहा जणांनी चाखून, एकमेकांना न दाखवता लिहिलेल्या नोंदींचा गोषवारा देतो.

गव्हाची एल, जर्मन धाटणीची, ४.८ टक्के अल्कोहोल, ३३० मिलीची बाटली. झाकण उघडताच फेस बाहेर, पाव बाटली टेबलावर. वास पिकल्या केळ्याचा, इतका की केळी पिकवायच्या रायपनिंग चेंबरचं दार उघडल्यासारखं. मागून लवंग. एकानं विचारलं, यात रावेरची केळी घालतात का?

पेल एल, ५.२ टक्के, बाटली. रंग तांबूस, हॉप्सचा (बियरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा) वास जवळपास नाही. भिजलेला पुठ्ठा, मागे मधासारखं काही. सहापैकी पाच जणांनी ‘शिळी’ असंच लिहिलं.

आयपीए (इंडिया पेल एल, जास्त हॉप्सची), ६.५ टक्के, कॅन. आधी मोसंबीची साल, मग चिरलेला कांदा. जेवणाबरोबर कडूपणा सहन होईना.

पोर्टर (भाजक्या धान्याची गडद एल), ५.५ टक्के, काउंटरवर भरून घेतलेला एक लिटरचा ग्राउलर, म्हणजे झाकणाची मोठी बाटली. त्या रात्री कॉफी आणि जळका गूळ, मस्त. उरलेला अर्धा दुसऱ्या दिवशी बसका, सोया सॉसच्या वासाचा.

प्रवास: सकाळी ११ ला निघून चांदवड, मालेगाव, धुळे, पारोळामार्गे संध्याकाळी ५ ला घरी. माल डिकीत, वर ओलं पोतं. घरी बाटल्या आणि कॅन दोन दिवस आडव्या, कॉटखाली. प्यायच्या आधी तीन तास फ्रिजमध्ये. ग्लास बोअरच्या पाण्यानं धुतलेले, सोबत शेवभाजी. यातलं ब्रुअरीचं काय आणि आमच्या हातचं काय?

धुळेकर_हॉप

नोंदी छान आहेत, बहुतेक उत्तर त्यातच आहे. एकेक घेऊ.

गव्हाच्या एलमध्ये केळं घालत नाहीत. तो वास यीस्टचा. या धाटणीचं यीस्ट आंबवताना आयसोअमाइल अ‍ॅसिटेट नावाचा एस्टर (फळासारख्या वासाचा पदार्थ) सोडतं, आणि पिकल्या केळ्याच्या वासातही मुख्य वाटा त्याचाच. म्हणून जळगावच्या माणसाच्या नाकाला तो ताबडतोब सापडतो. आंबवण्याचं तापमान १८ अंशांच्या आसपास ठेवलं तर केळं आवरतं, २२ च्या वर गेलं किंवा यीस्ट कमी टाकलं की केळं चढतं. लवंग हे वेगळं रसायन, ४-व्हायनिल ग्वायकॉल. ती हवी असेल तर माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) भिजवताना ४३ ते ४५ अंशांवर १०-१५ मिनिटं थांबतात, त्यानं फेरुलिक आम्ल सुटतं आणि यीस्ट त्याची लवंग करतं. तुम्हाला दोन्ही मिळालं, म्हणजे एल अस्सल आहे आणि ताजीही, कारण बाटली जुनी होते तसं केळं आधी जातं.

फेस उसळला तो मात्र तुमच्याकडे. या एलमध्ये वायू मुळातच जास्त असतो. साध्या पेल एलमध्ये अडीच घनमान (बियरच्या अडीचपट आकारमानाचा वायू), यात साडेतीनच्या पुढे. २० अंशांच्या बाटलीत जो दाब असतो तो ४० अंशांना दुपटीच्या आसपास जातो. त्यात बाटली आडवी, म्हणजे तळाचा गाळ सगळीकडे पसरलेला आणि प्रत्येक कणावर बुडबुडा धरायला तयार. तीन तासांत फ्रिजनं ती धड थंडही केली नसणार. बाटल्या उभ्या ठेवा, निदान एक रात्र थंड करा. ओतताना ग्लास तिरका धरून तीन चतुर्थांश ओता, उरलेल्याला बाटलीतच हळू गोल फिरवून गाळ उठवा, मग वर सोडा. या एलमध्ये गाळ प्यायचा असतो. टाकून दिलात तर अर्धी चव गेली.

पुठ्ठा म्हणजे ऑक्सिजननं जुनी झालेली बियर. त्या वासाचा पदार्थ ट्रान्स-२-नोनेनाल, अब्जात एक दशांश भाग असला तरी नाकाला कळतो. हॉप्सचा वास जाणं, रंग गडद होणं, मधासारखी चव, ही सगळी एकाच घरची मंडळी. डिकीतले सहा तास आणि कॉटखालचे दोन दिवस इथे आड आले.

आयपीएमधला कांदा हा बहुधा दोष नाही. सिम्को, मोझॅइक, समिट अशा काही हॉप्समध्ये गंधकयुक्त पदार्थ असतात. कुणाला त्यात आंबा-पेरू लागतो, कुणाला कांदा-लसूण. तोडणी उशिरा झाली की कांद्याकडे कल जास्त.

पोर्टरचं कारण सरळ आहे. अर्धा रिकामा ग्राउलर म्हणजे अर्धा हवेनं भरलेला. वायू निघून गेला, ऑक्सिजन आत शिरला. गडद माल्ट जुना होताना सोया सॉसकडे वळतो, आणि यीस्ट गाळलेलं नसेल तर उष्णतेत पेशी फुटूनही तोच वास येतो. एकदा उघडलेला ग्राउलर त्याच बैठकीत संपवायचा. न उघडलेला ४ अंशांखाली फार तर तीन दिवस.

तिसरा_ग्लास

बाकी पटलं, पण पुठ्ठ्याचा दोष डिकीला देऊ नका. बियरवाले ३-३०-३०० असा ठोकताळा सांगतात: ३२ अंशांवर ३ दिवस, २२ वर ३० दिवस आणि ३ अंशांवर ३०० दिवस, तिन्हीत बियर सारखीच जुनी होते. डिकी ५० अंशांची धरली आणि कॉटखालची खोली ३८ ची, तरी ताज्या पेल एलचा हॉप्सचा वास ‘जवळपास नाही’ इथवर येणं मला अवघड वाटतं. शिवाय तशाच प्रवासात गव्हाच्या एलचं केळं शाबूत राहिलं. ती पेल एल आधीच म्हातारी होती. बाटल्यांवरच्या उत्पादनाच्या तारखा आणि बॅच नंबर टाका.

गिरणाकाठ

तपासलं. गव्हाची एल तीन आठवड्यांची, आयपीए पाच आठवड्यांची, दोन्ही ब्रुअरीच्या काउंटरवरून, फ्रिजमधून काढून दिलेल्या. पेल एल तिथे संपली होती म्हणून वाटेतल्या वाइन शॉपमधून घेतली. साडेचार महिन्यांची, उघड्या फळीवरची, फ्रिजमधली नव्हे. हे आधीच लिहायला हवं होतं.

तिसरा_ग्लास

मग संपलंच. आपल्याकडच्या दुकानात मार्च ते मे फळीवर ठेवलेली बियर म्हणजे ३-३०-३०० मधली पहिली ओळ कित्येकदा पार केलेली. छोट्या ब्रुअरीचा माल बहुधा पाश्चराइज केलेला नसतो, त्याला फळी सोसत नाही. फ्रिजमधून काढून देत नसतील तर घेऊ नका, आणि हॉप्सवाली कुठलीही एल दोन महिन्यांपुढची असेल तर फ्रिजमधलीही नको. गडद, जास्त अल्कोहोलच्या बियरला थोडी सूट देता येते.

केळीवाला_रावेर

एक शंका. आयपीए तर हिंदुस्थानात पाठवायलाच बनवली होती ना? जहाजातून महिनोन् महिने येऊन टिकायची म्हणतात. मग आपल्या उन्हात ती का चालू नये?

धुळेकर_हॉप

भो, नाव तेवढंच उरलंय. त्या काळी इंग्लंडहून येणारी पेल एल लाकडी पिंपात, हॉप्स भरपूर टाकून, मुरवण्यासाठीच बांधलेली असायची. समुद्रातल्या काही महिन्यांत तिचा कडूपणा मऊ व्हायचा, आणि तेच अपेक्षित असायचं. आजच्या आयपीएचा जीव ताज्या हॉप्सच्या वासात असतो, आणि उष्णतेत तोच आधी मरतो. कडूपणा राहतो, वास जातो, हातात उरतो काढा.

बडजी

ग्लास आणि ताटाबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहिते.

बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असतात. ग्लास वाळला की आतून पांढुरका थर राहतो, बुडबुडे काचेला चिकटून बसतात आणि बियर जिवंत असल्याचा भास होतो. परीक्षा सोपी आहे: ग्लास आतून ओला करा, वर मीठ भुरभुरा. मीठ सगळीकडे सारखं चिकटलं तर ग्लास स्वच्छ, मध्ये मोकळे पट्टे दिसले तर तिथे तेल किंवा साबण. उपाय म्हणजे एक लिटर कोमट पाण्यात दोन चमचे व्हिनेगर, दहा मिनिटं बुडवा, मग आरओच्या पाण्यानं दोनदा विसळून उपडे ठेवा, कपड्यानं पुसू नका. भांड्यांचा साबण जरा जरी राहिला तरी फेस अर्ध्या मिनिटात बसतो. फ्रीझरमध्ये ग्लास गोठवू नका. जीभ बधिर होते आणि बर्फाच्या कणांवर फेस उसळतो.

आता शेवभाजी. गिरणाकाठ दादा, सहा नोंदींपैकी एक तरी तिच्यामुळेच बिघडली आहे. काळ्या मसाल्याचं तिखट, वर तेलाचा तवंग. तेल ओठाला लागलं की ग्लासातला फेस मेला. तिखटात अल्कोहोल आणि वायू दोन्ही जळजळ वाढवतात आणि कडूपणा पुढे येतो. तिखटावर आयपीए म्हणजे आगमा तेल. म्हणून तुम्हाला ‘सहन होईना’. शेवभाजीला गव्हाची एल द्या, तिचा कडूपणा ८ ते १५ आयबीयू (कडूपणा मोजायचं एकक) असतो, आयपीएचा ४० ते ७०.

पोर्टरला भरीत. पण पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं, बडजीत (लाकडी भांड्यात) ठेचलेलं, गॅसवरचं नव्हे. भाजक्या माल्टचा आणि त्या धुराचा मेळ बसतो, वर कांद्याची पात आणि कळण्याची भाकरी. उन्हाळ्यात ती वांगी मिळायची नाहीत, तेव्हा ही जोडी थंडीसाठी राखून ठेवा. खापरावरच्या मांड्यांबरोबर पोर्टर चालते, पेल एल नाही, पुरणाच्या गोडीपुढे ती पाणचट आणि कडू लागते. आमरसाबरोबर काहीच नको. सगळ्या बियर आंबट लागतात.

चाखायची बैठक असेल तर जेवण नंतर. मधल्या वेळी ज्वारीच्या भाकरीचा कोरडा तुकडा आणि साधं पाणी, बस. बिबडे नकोत, त्यात तीळ आणि मिरची असते. क्रम: गव्हाची, पेल, पोर्टर, शेवटी आयपीए. उलट गेलात तर आयपीएनंतर गव्हाच्या एलमध्ये काही सापडणार नाही. दर ग्लासात १०० मिली पुरे. तापमान गव्हाच्या एलला ५ ते ८ अंश, पेल आणि आयपीएला ७ ते १०, पोर्टरला १० ते १३. फ्रिजमधून काढून पोर्टर दहा मिनिटं टेबलावर ठेवली की आपल्याकडे मे महिन्यात ती तिथवर आपोआप पोचते.

थर्माकोल

आणायचं कसं ते सांगतो. २४ बाटल्या म्हणजे आठ लिटर बियर. २५ अंशांवरून ५ वर आणायला, काचेसकट, सव्वादोन किलो बर्फ वितळतो. बाहेर ४३ अंश आणि सहा तासांचा प्रवास, तर दोन सेंटिमीटर जाडीच्या थर्माकोलच्या पेटीतून आत शिरणारी उष्णता आणखी अडीच-तीन किलो खाते. हिशेबानं ५, वाटेत झाकण उघडणं धरून ७ किलो घ्या. ब्रुअरीतूनच थंड घेतल्या तर ४ किलोत भागतं.

बर्फ वर ठेवा, खाली नव्हे. बाटल्या उभ्या. पेटी डिकीत नको, मागच्या सीटखाली, एसीच्या वाऱ्यात. साठलेलं पाणी काढू नका, बाटलीभोवतीचं थंड पाणी नुसत्या बर्फापेक्षा लवकर उष्णता ओढतं. काढायचं फक्त लेबल वाचवायचं असेल तर.

घरी आल्यावर घाई असेल तर बादलीत दोन किलो बर्फ, दोन लिटर पाणी, १०० ग्रॅम मीठ. ३३० मिलीची बाटली ४० वरून प्यायच्या तापमानाला यायला २० मिनिटांच्या आसपास लागतात, अधूनमधून हलकेच फिरवत राहा. बाटली तापलेली असेल तर आधी पाच मिनिटं साध्या पाण्यात, एकदम बर्फात घातली तर काच तडकते.

आणि उजेड. तपकिरी काच बराचसा थांबवते, हिरवी आणि पारदर्शक जवळपास नाही. थेट उन्हात हॉप्समधला कडू पदार्थ फुटून काही मिनिटांत सडका, गंधकाचा वास येतो. कॅनला ही भीती नाही. गच्चीवर दुपारी ग्लास भरून गप्पा मारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, ग्लास तर पारदर्शकच असतो.

केळीवाला_रावेर

म्हणजे ब्रुअरीचा स्वतःचा दोष ओळखायचा कसा? सगळंच आपल्या अंगावर घ्यायचं का?

धुळेकर_हॉप

नाही. काही वास डिकीत तयार होत नाहीत. उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास म्हणजे डायमिथाइल सल्फाइड, वॉर्ट (माल्टचं न आंबवलेलं पाणी) कमी वेळ उकळलं किंवा झाकण लावून उकळलं. फिक्या माल्टला उघड्या भांड्यात ६० ते ९० मिनिटांचं जोरदार उकळणं लागतं, मग गार करणंही झटपट. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे अ‍ॅसिटाल्डिहाइड, टाकीतून घाईनं काढलेली. व्हिनेगरची धार म्हणजे जंतू आणि हवा, कुठेतरी नळ्या नीट धुतल्या नाहीत.

लोणी मात्र दगाबाज आहे. डायअ‍ॅसिटिलचा, थिएटरमधल्या पॉपकॉर्नसारखा वास. यीस्ट ते शेवटी परत खातं, म्हणून आंबवणं संपत आलं की दोन-तीन दिवस टाकी तशीच ठेवावी लागते. घाई केली तर लोणी नसतं, पण त्याचा पूर्वपदार्थ बियरमध्ये उरतो. ब्रुअरीत चाखलं तर काही नाही, तुमच्या डिकीत तापलं की बाटलीत लोणी. उष्णता तुमची, चूक त्यांची.

तिसरा_ग्लास

यासाठीच तीन ग्लासांची चाचणी करा, वाद मिटतो. पुढच्या वेळी एकाच बॅचच्या ताज्या पेल एल घ्या. निम्म्या बर्फाच्या पेटीत, निम्म्या डिकीत. घरी सगळ्या एक रात्र त्याच फ्रिजमध्ये. मग प्रत्येकाला तीन ग्लास द्या, दोन एकीचे, एक दुसरीचा. जागा प्रत्येकासाठी बदलायच्या, ग्लासांखाली आकडे, ओतणारा माणूस वेगळा. रंग दिसू नये म्हणून ग्लासांना कागद गुंडाळा. वेगळा ग्लास कोणता, एवढंच विचारायचं. ‘चांगला कोणता’ विचारायचं नाही.

नुसत्या अंदाजानं तिघांत एकाचं बरोबर येतं. सहा जणांत चार बरोबर आले तरी तो योगायोग असू शकतो, त्याची शक्यता दहात एक. पाच बरोबर आले तर शंभरात दोन. तेव्हा पाच आले तरच फरक माना.

सातपुडा_लाइन

नंदुरबार-नवापूरकडच्या मंडळींसाठी: सुरतमार्गे ट्रेननं आणत असाल तर सोबत एक बाटलीही नको. गुजरातेत दारूबंदी आहे, आणि नवापूर स्टेशनचा तर अर्धा फलाट तिकडे. धुळे-साक्रीवरून रस्त्यानं या. परवाना जवळ ठेवा, आणि पार्टीत २१ च्या खालचं कुणी नको, महाराष्ट्रात बियरची वयोमर्यादा तीच आहे. घरी बनवायचं म्हणाल तर लायसन्सशिवाय तो गुन्हा आहे, त्या वाटेला जाऊ नका.

गिरणाकाठ

बठ्ठं बराबर शे. चाचणी केली. एका बॅचच्या, १९ दिवसांच्या पेल एल, सहा बर्फात आणि सहा डिकीत, बाहेर ४२ अंश. सहापैकी तिघांचं बरोबर आलं. म्हणजे एका प्रवासानं तरी फरक सिद्ध होत नाही, तिसरा_ग्लास यांचं म्हणणं टिकलं. दोन्हींत ग्रेपफ्रूटची साल आणि बिस्किटासारखा माल्ट, पुठ्ठा कुठेच नाही. उरलेल्या तीन डिकीवाल्या बाटल्या पुन्हा कॉटखाली ठेवल्या आहेत, दोन आठवड्यांनी बर्फवाल्यांशी परत तीन ग्लास लावू.

गव्हाची एल रात्रभर उभी ठेवून उघडली, थेंबही सांडला नाही. ग्लास व्हिनेगरनं धुतल्यावर फेस शेवटच्या घोटापर्यंत टिकला. बडजी ताईंच्या क्रमानं गेलो तर आयपीएचा कडूपणा या वेळी कुणालाच खटकला नाही. कांदा मात्र बर्फातल्या कॅनमध्येही तेवढाच होता.

धुळेकर_हॉप

मग तो हॉप्सचाच. कॅनवर हॉप्सची नावं असतील तर टाका, आणि पुढच्या खेपेला सिट्रा किंवा कॅस्केडवाली घेऊन त्याच सहा जणांना द्या.